दगडामागचं पाणमांजर

९ जानेवारी

बारके,

पत्राच्या सुरुवातीला मोठ्या बहिणीने आशीर्वाद लिहायचा असतो. तो लिहिला असं समज. आज माझा हात त्या शब्दावर जात नाहीये.

फोन का केला नाहीस, असं तू म्हणशील. फोनवर तू बोलतेस आणि मी ‘हं, हं’ करते. पत्रात मला मधे कोणी तोडत नाही.

काल संग्रहालयाच्या संचालकबाईंनी सगळ्यांना खालच्या दालनात बोलावलं. मी शिडीवर होते, पाणघोड्याच्या कानातली धूळ काढत होते, म्हणून वरूनच ऐकलं. नदीकाठचा देखावा, म्हणजे आपल्या पाणमांजरांचा, सगळा नव्याने करायचा ठरलाय. काच नवी, मागचं रंगवलेलं आभाळ नवं, दगड नवे. बाई म्हणाल्या, “या कामासाठी बाहेर नाव असलेली आणि आपल्याच घरची अशी एक व्यक्ती आपल्याला मिळतेय.” सगळ्यांनी माना वर करून माझ्याकडे पाहिलं. खोटं कशाला सांगू, मी ब्रश खाली ठेवला आणि एप्रन झटकला. तेवढ्यात बाई हसून म्हणाल्या, “तुमच्या धाकट्या बहिणीला पत्र गेलंय बरं का!”

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. शिडीवर उभं राहून टाळ्या वाजवायच्या म्हणजे धरायला काही उरत नाही.

आता तुझ्याच भल्याचं सांगते. येऊ नकोस. खालच्या दालनात ओल आलीय. जुन्या कातड्यांना किडीसाठी सगळा सोमल, म्हणजे विषच, चोळलेला आहे आणि तुला लहानपणी नुसत्या भुशानेही शिंकांवर शिंका यायच्या. लिफ्ट बंद आहे. घरी बाबांना हल्ली पाहुणे सोसत नाहीत, त्यांची झोप बिघडते. तुझे भाऊजी विचारत होते, बारकी कधी येणार. मी म्हटलं, तिला कुठला वेळ, तिच्यामागे किती व्याप! म्हणजे मी तुझीच बाजू घेतली.

देखाव्याचं इथे होऊन जाईल. आम्ही आहोत. म्हणजे मी आहे.

ताई

२४ जानेवारी

बारके,

तुझं पत्र मिळालं. ओल चालेल, सोमल चालेल, लिफ्ट नसली तरी चालेल. तू येणारच. बरं. बाबांना वाचून दाखवलं. त्यांना पाहुणे सोसत नाहीत असं मी लिहिलं होतं ना, त्यांनी लगेच विचारलं की बारकीसाठी कुठली खोली आवरायची. आणि माझीच खोली सुचवली.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मात्र मला उभ्याने परत वाचावं लागलं. ‘ताई, पुढच्या पाणमांजराला कोणी हात लावू देऊ नकोस. ते माझं आहे, मीच उतरवीन.’

तुझं आहे. हो बाई, तुझंच आहे. ते मला कोणी विसरू दिलंय का?

तू इतकी लांब आहेस की कदाचित तुला आठवत नसेल, म्हणून सांगते. आपलं संग्रहालय सुरू झालं ते एका शिकारी गृहस्थाच्या हौसेतून. तो गेल्यावर त्याच्या बायकोला भिंतीवरच्या त्या सगळ्या मुंडक्यांखाली जेवण जाईना, म्हणून तिने घरासकट सगळं गावाला देऊन टाकलं. लोक यायचे ते दोन तोंडांचं वासरू बघायला. तेव्हा काम करणारे म्हातारबुवा कातड्यात पेंढा ठासायचे, अगदी शिवण फुटेपर्यंत. त्यांचा वाघ आणि घरातली उशी यांत फरक फक्त मिशांचा असे. बाबा त्यांच्या हाताखाली आले आणि त्यांनीच पेंढा बंद केला. आधी हाडांची मापं घ्यायची, मग मातीचं शरीर घडवायचं, त्यावरून साचा, आणि कातडं अगदी शेवटी. “पेंढा भरायचा नसतो, प्राणी उभा करायचा असतो,” हे वाक्य आपण बाराखडीच्या आधी शिकलो. तरी गाव बाबांना ‘पेंढेवाले’च म्हणत राहिलं आणि आपल्याला पेंढेवाल्यांच्या पोरी.

मग ती दोन पाणमांजरं आली. खालच्या धरणाशी कोळ्यांच्या जाळ्यात गुदमरलेली. दोन्ही एका मापाची. बाबांनी मीठ-तुरटीत मुरवलेली ती दोन कातडी आपल्यापुढे टाकली, एक तुला आणि एक मला, आणि म्हणाले, पोटाची शिवण तुम्ही घाला. तू चौदाची असशील, मी सोळाची. कातडी ओली, केस चिखलासारखे चिकटलेले, कुठलं कोणाचं ते आपलं आपल्यालाही नंतर ओळखू आलं नसतं. तू अर्ध्यात रडायला लागलीस. दोरा तुटला, बोटात दाभण गेलं, “मला नाही जमत, मी उद्यापासून येणार नाही.” मी मान खाली घालून शिवत राहिले. डाव्या हाताने. बाबा जवळून जाताना पुटपुटले, “उलट्या हाताचं काम.” एवढंच माझ्या वाट्याला आलं.

वाळायला ठेवताना त्यांनी खोलीला कुलूप लावलं, कारण आपण सारखा हात लावून बघत होतो. रंग, डोळे, मिशा, सगळं त्यांनीच केलं. काच बसवल्यावर आपल्याला बोलावलं. एक पाणमांजर पुढे, दगडावर चढतंय, मान वळवून बघतंय. दुसरं दगडामागे. “पुढचं बारकीचं,” बाबा म्हणाले. “मागचं ताईचं.” दगडावर खिळायच्या आधी तेव्हाच्या संचालकसाहेबांनी पुढच्याच्या पोटावरून बोट फिरवलं होतं म्हणे, आणि शिवण कुठे आहे ते त्यांना सापडलं नव्हतं म्हणे. हे ‘म्हणे’ मी पुढे आल्यागेल्या प्रत्येकाच्या तोंडून ऐकलं. मग साहेबांनी तुझ्यासाठी शब्द टाकला, तू शिकायला गेलीस, मग आणखी लांब गेलीस आणि मोठी झालीस. मागे इथे येऊन तू मुलाखत दिलीस, ‘माझी सुरुवात या पाणमांजरापासून झाली’ अशी. त्या फोटोत डाव्या बाजूला एक कोपर दिसतं. ते माझं.

मुलं काचेला नाकं लावून पुढच्याकडे बघतात. मागच्याचं फक्त शेपूट दिसतं. एकदा एका मुलीने शिक्षिकेला विचारलं, “बाई, तो साप आहे का?”

आता स्पष्टच लिहिते. माझ्या पोटात दुखतं. तुझ्या नोकरीवरून नाही, तुझ्या घरावरून नाही, तू वर्तमानपत्रात येतेस त्यावरूनही फारसं नाही. त्या शिवणीवरून दुखतं. मी एवढे प्राणी उभे केले, पण प्रत्येक शिवण संपवताना वाटतं, चौदा वर्षांच्या रडक्या पोरीला जमलं ते आपल्याला कधी जमणार?

ताई

६ फेब्रुवारी

बारके,

कामाचं तेवढं कळवते.

विद्यापीठातून एक संशोधक आलीय. तरुण आहे, बोलणं भरभर आणि चहा त्याहून भरभर. आपल्या नदीत आता एकही पाणमांजर उरलेलं नाही, हे तुला कोणी कळवलं होतं का? दुसरीकडून आणून सोडायचा बेत चाललाय. पण इथली मूळची कुठल्या कुळातली होती ते आधी कळायला हवं, नाहीतर सोडलेली टिकायची नाहीत. आणि या नदीतल्या पाणमांजरांची कातडी आता सबंध जगात दोनच आहेत. तुझं आणि माझं.

मागच्या महिन्यात कोणीतरी वर्तमानपत्रात लिहिलं होतं की मेलेले प्राणी जपत बसण्यापेक्षा संग्रहालयाच्या जागेवर बाग करा. मी तो कागद घडी करून त्या बाईपुढे ठेवला. तिने वाचला आणि म्हणाली, “बागेत मी पाणमांजराचं कातडं कुठे शोधू?” मला आवडली. तिला बिस्किटं दिली.

तिला कातड्याचे कण हवेत, तांदळाच्या दाण्याएवढे, शिवणीच्या आतल्या कडेचे. तिथे रंग आणि सोमल कमी लागलेला असतो. म्हणजे पाणमांजर दगडावरून उतरवून उलटं करायला हवं. संचालकबाई म्हणाल्या, धाकट्या बहिणीला येऊ दे. मी म्हटलं, शास्त्राचं काम तिच्या सोयीसाठी कशाला अडवायचं? त्यांना पटलं. तेव्हा पुढचं पाणमांजर मी उतरवतेय. तू हात लावू देऊ नकोस म्हणाली होतीस. मी ‘कोणी’मध्ये येत असेन असं मला वाटलं नाही.

उतरवल्यावर त्याची प्रकृती कशी आहे याचा अहवालही मीच देणार आहे. ठेवायचं की काढून टाकून नवं करायचं, ते त्या अहवालावर ठरेल. जुन्या कामात आत काय काय निघतं, सांगता येत नाही. कसर लागलेली असते, दोरा कुजलेला असतो, कातडं पापडासारखं झालेलं असतं. तू मन घट्ट करून ठेव.

इकडे सगळे ठीक.

ताई

११ फेब्रुवारी

बारके,

पुढचं पाणमांजर उतरवलं. नीट आहे. संशोधकबाई तिचे कण घेऊन गेली.

अहवाल दिलेला नाही.

मला एक सांग. तू शिवताना सुरुवात गळ्याकडून करायचीस की शेपटीकडून? उगाच विचारते. लवकर कळव.

ताई

१९ फेब्रुवारी

बारके,

‘अर्थात गळ्याकडून, बाबांनी तसंच शिकवलं होतं, का?’ असं तू लिहिलंस. का, ते सांगते. बसून वाच.

आधी एक कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं लिहिणं सोपं जाईल. तो अहवाल मी पाणमांजर उतरवायच्या आधीच लिहून ठेवला होता. ‘शिवण ठिकठिकाणी उसवलेली, कातडं ठिसूळ, दुरुस्तीच्या पलीकडे. नवा नमुना करणे इष्ट.’ ‘इष्ट’ हा शब्द मी मुद्दाम घातला, तो सरकारी वाटतो. नवा नमुना मी करणार होते आणि तू येईपर्यंत तो पुढच्या दगडावर बसलेला असता. तू काय करणार होतीस? फार तर आभाळ रंगवलं असतंस. लिहिताना मला किती गार वाटलं म्हणून सांगू!

तर गेल्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी मागच्या खोलीत, मोठ्या टेबलावर, मी त्याला उलटं केलं. खालचं प्लास्टर ओल्या बोळ्याने भिजवून काढलं, केस बाजूला केले. शिवण दिसेना. बोट फिरवलं, लागेना. साहेबांचं ते ‘म्हणे’ खरंच होतं. तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, हिने चौदाव्या वर्षी हे केलं? मग चष्मा बदलला, दिवा जवळ ओढला आणि कडेने एक टाका उचलला.

टाका उलटा होता.

उजव्या हाताचा टाका एका बाजूला कलतो, डाव्या हाताचा दुसऱ्या बाजूला. तुला हे सांगायला नको. तरी वाटलं, आपण डोक्याच्या बाजूने बघतोय म्हणून तसं दिसत असेल. टेबलाला वळसा घालून शेपटीकडून बघितलं. उलटाच. मग गाठ शोधली. तुझी आणि बाबांची गाठ शेपटीशी येते, कारण तुम्ही गळ्याकडून खाली येता. मी शेपटीकडून वर जाते, डाव्या हाताला तेच सोपं पडतं, आणि त्यासाठी मी किती बोलणी खाल्लीत! गाठ गळ्याशी होती. तीन वेढे आणि टोक आत खोचलेलं. मी अजूनही तसंच खोचते.

मी काय केलं असेल? कपाटातून जुन्या कातड्याचा तुकडा काढला आणि त्यावर हातभर शिवण घातली. दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. आता हात थोडा जाड झालाय. बाकी तीच.

बारके, इतकी वर्षं मी ज्या शिवणीवर जळले ती माझी आहे.

मला आनंद झाला असेल असं तुला वाटेल. आधी नाही झाला. आधी मी त्या खोलीत बसून ढसाढसा रडले, आणि तुझ्यासारखी नाकाने आवाज करत रडले. शिपाई दारातून डोकावला. मी म्हटलं, सोमल डोळ्यांत गेला. तो बिचारा डॉक्टरला फोन लावायला धावला. त्याला आवरता आवरता माझं रडं थांबलं.

घरी आले. बाबा खिडकीशी सूर्यफुलाच्या बिया निवडत बसले होते, पाखरांसाठी. त्यांना ऐकू कमी येतं म्हणून मी समोर बसले.

“बाबा, पुढचं पाणमांजर कोणी शिवलं होतं?”

“तू,” ते म्हणाले. बारके, एक क्षणही लागला नाही त्यांना. ‘आज वार कोणता’ असं विचारावं आणि सांगावं, तसं.

“मग बारकीचं म्हणून का सांगितलंत?”

“ती सोडून जायला निघाली होती. रडत होती. तू रडत नव्हतीस.”

“मी रडत नव्हते म्हणून माझं काम तिला दिलंत?”

“तिला थोडं चढवायची गरज होती. चढली ती. बघ कुठे गेली.”

“नंतर सांगायचं होतं मला. ती गेल्यावर तरी.”

त्यांनी एक किडकी बी बाजूला टाकली. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मग म्हणाले, “तुला सांगितलं असतं तर तूही गेली असतीस. मग इथलं कोणी बघायचं? त्या सगळ्यांना कसर लागली असती. चांगला हात मी इथे ठेवला.”

चांगला हात. उलट्या हाताचं काम म्हणायचे ना? हा तो हात.

त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. शप्पथ सांगते, तोंडावरची रेषसुद्धा हलली नाही. उलट विचारलं, “शिवण टिकलीय ना?” मी म्हटलं, टिकलीय. “मग झालं तर,” म्हणाले आणि परत बिया निवडायला लागले.

मी त्यांच्याशी अबोला धरलाय. पण त्यांना ऐकूच येत नाही, त्यामुळे अजून त्यांच्या लक्षात आलेलं नाही.

आता तू. तुझ्यावर रागावू का, ते मला कळत नाही. तुलाही तेच सांगितलं होतं आणि तू विश्वास ठेवलास. मी असते तरी ठेवला असता. कोणी आपली पाठ थोपटली तर आपण मागे वळून हात कोणाचा ते बघत नाही. पण तू गेलीस, बारके. माझ्या टाक्यांवर पाय देऊन तू गेलीस आणि मी इथे शिडीवर उभी राहून टाळ्या वाजवल्या. हे मला गिळता येत नाहीये, आणि येत नाहीये म्हणून लिहिलं.

ताई

१२ मार्च

बारके,

तुझं पत्र आलं. एवढं लहान पत्र तू आयुष्यात लिहिलं नसशील. ‘खोटं आहे. बाबांचं वय झालंय, ते काहीही बोलतात. तू पहिल्यापासून माझ्यावर जळतेस, आणि आता माझं पहिलं कामही तुला माझ्याकडे राहू द्यायचं नाहीये. टाक्यांवरून काही सिद्ध होत नाही.’

मी ते तीनदा वाचलं. तुझ्या भाऊजींना वाचून दाखवलं. त्यांना वाटलं मी भडकणार, म्हणून त्यांनी आधीच पाण्याचा पेला पुढे केला. मी मात्र हसत होते. बारके, हा आवाज माझ्या ओळखीचा आहे. इतकी वर्षं तो माझ्या पोटात राहत होता. आता तुझ्याकडे मुक्कामाला गेलाय. त्याची नीट सोय कर, तो रात्रीचा फार कुरकुरतो.

टाक्यांवरून काही सिद्ध होत नाही, असं तू लिहितेस. तुझ्या त्या मोठ्या संग्रहालयात तू पक्ष्याच्या एका पिसावरून त्याचं गाव सांगतेस, असं तुझ्याच मुलाखतीत होतं. तेव्हा हे वाक्य तू रागाने लिहिलंस आणि ते तुलाही माहीत आहे.

आता पुढचं ऐक.

संशोधकबाईला दुसऱ्याही कातड्याचे कण हवे आहेत. म्हणजे दगडामागचं उतरवायला हवं. संचालकबाईंनी दोनदा विचारलं. मी सांगितलं, ते बारकीचं आहे, ती येऊन उतरवील. त्या गोंधळल्या. म्हणाल्या, “तिचं तर पुढचं ना?” मी म्हटलं, “आमच्या घरात जरा अदलाबदल झाली होती.” त्यांनी आणखी विचारलं नाही. शहाणी बाई आहे.

अहवाल फाडला. नवा लिहिला. पुढचं पाणमांजर उत्तम, कातडं लवचिक, शिवण शाबूत, पुढची जागा बदलू नये. हे मी माझ्याच कामाबद्दल लिहिलं, तेव्हा थोडं जास्त गोड झालं असेल. ‘इष्ट’ याही वेळी घातलाय.

आणि एक गोष्ट आहे. ती आधी लिहायची नव्हती, पण अहवाल लिहून झाल्यावर मी पुन्हा दालनात गेले आणि मग राहवेना.

काचेमागे पुढचा दगड आता रिकामा आहे. त्यामुळे पहिल्यांदाच मागचं पाणमांजर सबंध दिसतं. मान थोडी खाली, पंजा पाण्यात घालावा की नाही या विचारात असल्यासारखं. मी त्याला ओळखते. काचेमागे सफाईला शिरले की मी पहिला ब्रश त्याच्यावर फिरवत आले. पुढच्याकडे सगळे बघतात, याच्याकडे कोण बघणार, म्हणून. पुढच्याला कसर लागली असती तर मला फारसं वाईट वाटलं नसतं, देवाशपथ. पण याच्या कानामागे एकदा भुंग्याच्या अळ्या दिसल्या होत्या, तर मी चिमट्याने एकेक काढत बसले होते आणि दुपारचं जेवायचं विसरले होते. मिशी गळली तेव्हा रानडुकराच्या केसाची नवी बसवली. माझं म्हणून. कोणी बघत नाही असं माझं काम, म्हणून.

ते तुझं होतं. सगळा वेळ मी तुझंच पाणमांजर कुरवाळत होते.

त्याची शिवण मी बघितलेली नाही. बघणारही नाही. रडत रडत घातलेली आहे, मधे दोरा तुटलेला आहे, त्यामुळे वाकडीतिकडी असेल. पण एक सांगते, ती कुठेही उसवलेली नाही. उसवली असती तर पोट खाली आलं असतं आणि मला दिसलं असतं. बोटात दाभण गेलेल्या चौदा वर्षांच्या पोरीने घातलेली शिवण इतकी टिकली. हे तुला कोणी कधी सांगितलं नाही, कारण सगळे दुसऱ्याच शिवणीचं कौतुक करत बसले होते. तुझ्या खऱ्या कामाला पहिली शाबासकी मी देतेय. उशीर झाला, पण हाताखालून गेलेलं आहे, तेव्हा खरी आहे.

तर तिकीट काढ. ओल फारशी नाही, लिफ्ट कालपासून चालू आहे, आणि बाबांची झोप तोफेने मोडणार नाही. माझी खोली तुला मिळणार नाही, बाहेरच्या खोलीत गादी घालीन. आलीस की मागच्या खोलीत टेबलावर दोन्ही ठेवू. तुझं तू उलटं कर, गाठ कुठे येते ते तूच बघ. तेवढा वेळ मी बाहेर पायऱ्यांवर बसेन. तुला रडायचं असेल तर शिपायाला सांगून ठेवते की सोमल आहे, घाबरू नकोस.

मग कामाला लागू. देखावा दोघींनी करायचा असं मी बाईंना सांगून टाकलंय. मागचा दगड थोडा खाली घेऊ, म्हणजे तुझंही मुलांना सबंध दिसेल, साप वाटणार नाही. पण पुढे माझंच राहील. त्यावर वाद घालायचा नाही.

बाबांशी मी आता बोलते. काल त्यांना म्हटलं, बारकी येतेय, तिला सगळं कळलंय. ते म्हणाले, “चिडलीय का?” मी म्हटलं, जळतेय. बाबांनी एक बी उचलून उजेडात धरली. मग म्हणाले, “मग चांगलं शिवेल.”

ये लवकर. आणि येईपर्यंत जळत राहा. मी इतकी वर्षं जळले, तू निदान महिनाभर तरी जळ.

आशीर्वाद. या वेळी खराच लिहिलाय.

तुझी ताई